दिव्याची मान वळवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईलवरचं काही वाचत नाही, हे माहीत आहे. सूनबाई वाचून दाखवतील. समोर येऊन आभार मानायला दोनदा आले, दोन्ही वेळा तुम्ही "चहा टाकायला सांगू का?" म्हणून विषयच बदललात. म्हणून हे असं चारचौघांत.

सोमवार, बुधवार, शुक्रवार आईचं डायलिसिस. पहिली पाळी, म्हणजे पहाटे साडेपाचला गाडी काढायची. मागचं उजवं चाक रात्रीतून बसतं. पंक्चर नाही, रिमच्या कडेने हवा जाते, असं पंक्चरवाला म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. वाटेतल्या पेट्रोल पंपावर हवा फुकट आहे खरी, पण मशिनवर 'बंद आहे' अशी पाटी. ती पाटीसुद्धा आता उन्हाने विटली आहे. त्यामुळे डिकीतला तो छोटा हवा भरायचा पंप म्हणजे माझी लाइफलाइनच. नाशिकच्या ऐन थंडीत तोच बंद पडला.

ज्या दुकानातून घेतला तिथे गेले. "मॅडम, हे रिपेअर होत नसतं, नवीन घ्या." उघडूनही पाहिला नाही. दुसऱ्याने उघडला, दीडशे रुपये घेतले, वर "मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो" हेही ऐकवलं. चार दिवस चालला. पाचव्या दिवशी गाडीत जळका वास आला आणि पंपाचा प्लग, गाडीच्या लायटरच्या भोकात बसतो तो, हाताला चटका बसेल इतका तापला. आई मागच्या सीटवर होती. त्या दिवशी रिक्षाने गेलो. तिला चढवता-उतरवताना काय झालं ते लिहीत नाही.

शेवटी पंप तुमच्याकडे आणला. तुम्ही प्लगचं टोक फिरवून काढलंत आणि गप्प झालात. आत काचेच्या फ्यूजऐवजी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला होता. त्या माणसाला तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. मी मात्र बोलणार. दादा, दीडशे रुपयांत तुम्ही आमच्या गाडीत काडी ठेवली होती.

काका, पुढचं सगळं इथे मांडत बसत नाही, पण तुमचं एक वाक्य मी पाठ केलंय: "फ्यूज उडाला हे लक्षण झालं, रोग शोधू." नवा फ्यूज घातला, मोटर चालली, पण पंपावरचा हवेच्या दाबाचा काटा पंधराच्या वर लवकर जाईना. मग भांड्यांच्या साबणाचा फेस. नळी पितळी टोकात शिरते तिथे बुडबुडे. तिथून हवा निसटत होती, म्हणून चाक भरायला पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटं लागायची, आणि तेवढा वेळ न थांबता चालून बिचारी मोटर तापायची. दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तसं, मीही विचारलं नव्हतं.

पण हे पत्र फ्यूजसाठी नाही, नळीसाठीही नाही. लहानपणापासून घरातल्या प्रत्येक दुरुस्तीत माझं काम एकच: टॉर्च धरणे. आधी बाबांसाठी, मग भावासाठी, मग नवऱ्यासाठी. "नीट धर, हलवू नकोस." त्या दिवशीही मी सवयीने टॉर्च घेऊनच आले होते. तुम्ही तो बाजूला ठेवलात, टेबलावरच्या दिव्याची मान माझ्याकडे वळवलीत आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात. तुमच्या बाजूला अंधार झाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाने आपल्याकडचा उजेड मला दिला आणि स्वतः बोटांनी चाचपत "हं, आता डावीकडे" असं सांगत राहिला. नळीचा खराब झालेला इंचभर तुकडा मी कापला, क्लिप मी आवळली. वाकडी बसली, तरी तुम्ही हात घातला नाहीत. "परत सोड, परत आवळ," एवढंच.

ज्याला येतं त्याने समोरच्याला अडाणी ठरवायचं, ही आपल्याकडे रीतच झाली आहे. बँकेत तेच, दवाखान्याच्या काउंटरवर तेच, गॅरेजात तर काही विचारूच नका. येत असूनही हात मागे घेणारी माणसं मला मोजकीच भेटली. एक शाळेतल्या गणिताच्या बाई, एक डायलिसिसच्या खोलीतली नर्स, आणि तुम्ही.

काल पहाटे पाच मिनिटांत काटा तेहतीसला गेला. आई मागून म्हणाली, "आज आवाज वेगळा येतोय गं." जादा दोन फ्यूज डिकीत डबीत ठेवलेत, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पंधरा अँपिअरचेच.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. तो कापलेला नळीचा तुकडा मात्र मागून घेतलात आणि खिशात टाकलात. कशाला, ते विचारायचं राहून गेलं. रविवारी येते. चहा घेईन.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची