दर्या आणि दऱ्या

हर्णै, २५ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. होड्यांवरच्या अक्षरांवरून मी करतोय त्या फॉन्टचं कुठवर आलं, असं तू विचारलंस. फोनवर सांगून भागलं नसतं, म्हणून लिहितोय.

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपेल. त्याआधी होड्या रंगवून व्हायला हव्यात. पाऊस जरा उघडला की पेंटरकाका नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नावं लिहायला बसतात आणि मी शेजारी वही घेऊन. आधी सपाट लाल अक्षरं. ती वाळली की उजवीकडे, खाली निळी सावली. शेवटी बारीक ब्रशने अक्षराच्या पोटातून पांढरी रेघ. माझ्या फॉन्टची तीन रूपं इथलीच: भरीव, सावली, रेघ.

सुरुवातीला मी सावली अक्षरालाच चिकटवली होती. सुटं अक्षर देखणं दिसायचं, शब्द टाइप केला की घोळ! आपली अक्षरं शिरोरेषेने एकमेकांना धरून असतात, त्यामुळे एकाची सावली शेजारच्याच्या अंगावर चढायची. काका आधी अख्खा शब्द लिहितात, मग सावली देतात. ते पाहून तिन्ही थरांच्या वेगळ्या फाइली केल्या. प्रत्येक अक्षराची रुंदी तिन्हींत तंतोतंत सारखी, नाहीतर थर सरकतात. शिरोरेषेतली पांढरी रेघही अक्षराच्या दोन्ही कडांपर्यंत एकाच उंचीवर न्यावी लागते, नाहीतर शब्द मध्येच तुटतो. पहिल्या वेलांटीने तर रडवलं. 'नि'ला पुरणारी कमान 'क्षि'ला तोकडी पडते. पाच लांबींच्या काढल्या, त्याही तीन-तीनदा.

परवा काका 'दर्यादौलत' लिहीत होते. समुद्राच्या दर्याला रफार, डोंगरातल्या दऱ्यांना ऱ्य. मराठीला दोन्ही हवेतच, म्हणून दोन्ही तितक्याच मायेने काढलेत. ल आणि श मूळ संचात मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळण पर्यायात. ओपनटाइपमध्ये, म्हणजे फॉन्टच्या ज्या फाइल-प्रकारात मी काम करतोय त्यात, असे पर्यायी संच २० ठेवता येतात, मी चारच ठेवले. एकात शेवटच्या अक्षराला काकांचा माशाच्या शेपटीसारखा फराटा आहे. नांगर, लाटा, शंख मात्र अक्षरांत घुसवणार नाही. होडीवर नाव लांबून वाचता यावं लागतं, तीच अट माझ्या अक्षरांनाही आहे.

काकांना छापून दाखवलं. त्यांनी कागद हातभर लांब धरला आणि म्हणाले, रफार बारीक झालाय, पाण्यावरून दिसणार नाही. खरं होतं. काल रात्रभर रफारच जाड करत बसलो.

सोबत नमुना पाठवतोय. आधी 'ज्ञ' बघ, त्याची सावली अजून आतली पोकळी बुजवते आणि मला काही केल्या उपाय सापडत नाहीये. नारळी पौर्णिमेला ये. होड्या तोवर पाण्यात असतील.

तुझाच