निळ्या गाठीला सुई लावण्याआधी

संपादक महोदय,

ओठ, हात किंवा मांडीवर जन्मापासून असलेली, दाबली की बसणारी आणि हात खाली सोडला की फुगणारी निळसर गाठ बहुधा शिरांची जन्मजात विकृती, म्हणजे व्हीनस मालफॉर्मेशन असते. केसपेपरवर तिचे नाव अजूनही सर्रास ‘हिमँजिओमा’ असे पडते. हिमँजिओमा तान्हेपणी वाढतो आणि पुढे आपोआप ओसरतो. ही गाठ ओसरत नाही. तिच्यावर स्क्लेरोथेरपी, म्हणजे शिरा आतून बंद करणारे औषध सुईने सोडणे, किंवा शस्त्रक्रिया करतात. मुंबईत हे उपचार चांगले होतात. आमची तक्रार आहे ती आधीच्या तपासण्यांच्या वेळापत्रकाबद्दल.

या वेड्यावाकड्या शिरांत रक्त जवळजवळ साचून राहते. साचलेल्या रक्तात बारीक गुठळ्या होत आणि विरघळत राहतात. त्यात फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी बांधणारे रक्तातले प्रथिन, खर्ची पडते आणि डी-डायमर, म्हणजे विरघळलेल्या गुठळ्यांचे अवशेष, वाढते. साधारण 40 टक्के रुग्णांत डी-डायमर वाढलेले आढळते. गाठ मोठी, स्नायूंत खोलवर गेलेली किंवा एक्स-रेत खड्यांसारखे फ्लेबोलिथ, म्हणजे चुना साचून कडक झालेल्या जुन्या गुठळ्या, दिसत असतील, तर शक्यता आणखी जास्त. घरी बसलेल्या माणसाला याचा त्रास म्हणजे अधूनमधून ठणका आणि टणक, दुखरी गोळी. पण सुई, सुरी, बाळंतपण किंवा हाड मोडणे यांपैकी काही झाले की हीच प्रक्रिया अंगभर पसरू शकते, आणि गोठण्याचे सामान संपल्यामुळे रुग्ण रक्तस्रावात जातो.

ऑपरेशनपूर्व ‘फिटनेस’च्या ठरलेल्या यादीत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), साखर असते, डी-डायमर आणि फायब्रिनोजेन बहुधा नसते. आयएनआर आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ठीक असूनही फायब्रिनोजेन घसरलेले असू शकते. नेहमीची पातळी 200 ते 400 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ती 100 च्या खाली गेली तर हेपारिन, म्हणजे गुठळ्या होऊ न देऊन फायब्रिनोजेनचा खर्च थांबवणारे औषध, दिल्याशिवाय गाठीला हात लावू नये. हे हेपारिन प्रक्रियेच्या 10 ते 14 दिवस आधी सुरू करावे लागते. भरतीच्या संध्याकाळी काढलेला रिपोर्ट म्हणूनच जवळपास निरुपयोगी. सिंधुदुर्ग किंवा जळगावहून रात्रीच्या गाडीने परळला आलेल्या रुग्णाला तारीख पुढे ढकलून परत पाठवण्यापेक्षा, तारीख देतानाच रक्त घेतलेले बरे.

रिपोर्ट वाचतानाही घोटाळे होतात. डी-डायमरची एकके दोन आहेत, एफईयू आणि डीडीयू. एफईयूचा आकडा साधारण दुप्पट येतो, त्यामुळे दोन लॅबचे आकडे थेट ताडून पाहू नयेत. निळ्या बुचाची सायट्रेटची नळी खुणेपर्यंत भरली नाही, किंवा नमुना नळीतच गोठला, तर फायब्रिनोजेन खोटेच कमी दिसते. आणि सगळ्यांत घातक चूक म्हणजे कमी फायब्रिनोजेन पाहून ‘रक्तस्राव होईल’ म्हणून हेपारिन टाळणे आणि नुसते क्रायोप्रेसिपिटेट (दात्याच्या रक्तातून काढलेला फायब्रिनोजेनयुक्त घटक) चढवणे. मूळ गोठणे थांबवले नाही तर हे आगीत तेल ओतणे ठरू शकते. गाठ आणि जेमतेम उरलेल्या प्लेटलेट असे चित्र तान्ह्या बाळात दिसले, तर मात्र तो कसाबाख-मेरिट हा वेगळाच आजार असू शकतो. तिथे हे हेपारिनचे गणित लावू नये.

यासाठी वापरायच्या एनॉक्सापॅरिन या हेपारिनच्या प्रकाराचा सर्वसाधारण डोस दिवसाला किलोमागे 0.5 ते 1 मिलिग्रॅम. तो रक्तविकारतज्ज्ञाने ठरवायचा. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर कमी. 40 मिलिग्रॅमच्या भरलेल्या सिरिंजवर सहसा अंशखुणा नसतात, म्हणून लहान मुलाला ‘त्यातले थोडे’ देणे धोक्याचे. खुणा असलेली सिरिंज मागावी. पूर्ण डोस असेल तर आतला हवेचा बुडबुडा काढू नये, काढताना औषध वाया जाते. बेंबीपासून चार-पाच सेंटिमीटर सोडून चिमटीत धरलेल्या कातडीत सुई सरळ आत घालावी, आणि नंतर चोळू नये. चोळले की काळेनिळे पडते. सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत प्लेटलेट एकदा तरी तपासाव्यात. प्रतिबंधक डोस प्रक्रियेच्या 12 तास आधी थांबवतात, पूर्ण उपचाराचा असेल तर 24 तास आधी. नंतर रक्तस्राव नसल्याची खात्री करून पुन्हा सुरू करतात आणि साधारण दोन आठवडे चालू ठेवतात. टाके कोरडे दिसले म्हणून घरच्यांनी ते आपल्या मनाने बंद करू नये.

शिरांच्या विकृतीसोबत पायाची जास्त वाढ होणाऱ्या क्लिपेल-ट्रेनॉने प्रकारात मांडीच्या बाहेरच्या बाजूने झडपा नसलेली रुंद शीर वर जाते. तिच्यातली गुठळी सुटून थेट फुप्फुसात जाऊ शकते, त्यामुळे डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करताना ती मुद्दाम शोधायला सांगावे. अशा रुग्णांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात. ठणक्यासाठी रिव्हारोक्सबॅनसारख्या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्याही आता वापरतात, पण गरोदरपणात त्या चालत नाहीत, तिथे हेपारिनच.

प्रक्रियेनंतर लघवी कोलासारखी लाल-तपकिरी झाली तर तांबड्या पेशी फुटल्याची ती खूण. वॉर्डात लगेच कळवावे, सलाइन वाढवावे लागते. घरी गेल्यावर अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर पुढच्या ओपीडीची वाट न पाहता कॅज्युअल्टी गाठावी आणि शेवटचे इंजेक्शन किती वाजता घेतले ते आधी सांगावे.

— रक्तवाहिन्यांच्या विकारांवर उपचार करणारे डॉक्टर, परळ, मुंबई