बाबांच्या फवारणीच्या नोंदी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले ते डोक्यातून जाईना. "अगं, त्या पोरांनी द्राक्षाचं ॲप इतकी वर्षं फुकट चालवलं, आमच्याकडून एक रुपया घेतला नाही, मग एवढ्या मोठ्या कंपनीने ते विकत घेतलं कशासाठी?" नेमकी तेव्हाच रेंज गेली, म्हणून लिहितेय. आई, तूच वाचून दाखव, ऑपरेशननंतर बाबांनी अजून डोळ्यांना ताण द्यायचा नाहीये.

बाबा, २०१९ चा तो ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवा. पाऊस थांबायचं नावच घेत नव्हता, निफाड काय दिंडोरी काय, सगळीकडे बागा गेल्या, आपला खालचा प्लॉट ऐन फुलोऱ्यात आणि तुम्ही रात्री दहाला ओल्या रेनकोटवरच ओट्यावर बसून मोबाईलमध्ये भरत होतात, पाऊस किती वाजता उघडला, औषध कुठलं मारलं, पाणी किती लिटर, सोबत त्या पिवळ्या तेलकट डागाच्या पानाचा फोटो. आठ दिवसांनी परत त्याच वेलीचा फोटो, डाग वाळला का पसरला ते. मी म्हणत होते झोपा आता. बाबा, त्या कंपनीने पैसे मोजलेत ते अशा रात्रींच्या नोंदींसाठी.

ॲपचा कोड आमच्या ऑफिसातली चार पोरं काही महिन्यांत नव्याने लिहितील हो. पण पान बघून डाऊनी, म्हणजे तो तेलकट डागांचा रोग, ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचं तर हजारो फोटो लागतात, आणि प्रत्येकाखाली जाणत्या माणसाने लिहिलेलं लागतं की हा डाऊनी, यावर हे मारलं, असा रिझल्ट आला. आणि फळ धरायची ती गोडी छाटणी वर्षातून एकदाच येते ना! कितीही पैसा ओतला तरी पाच हंगामांच्या नोंदींना पाच वर्षंच लागणार, २०१९ चा पाऊस तर कोणी परत पाडू शकत नाही. म्हणून ज्याच्याकडे हे तयार आहे त्यालाच उचलायचं. दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या हाती ते लागू नये हाही हिशोब असतोच.

अमेरिकेत हे आधीच झालंय. गुगलमधून बाहेर पडलेल्या लोकांनी २००६ मध्ये एक कंपनी काढली, हवामानाचा डेटा आणि पीक विमा असं काम, पुढे तिचं नाव क्लायमेट कॉर्पोरेशन झालं. २०१३ मध्ये मोन्सँटोने ती जवळपास ९३ कोटी डॉलरला घेतली, बियाणं विकणाऱ्या कंपनीने! आणि २०१८ मध्ये मोन्सँटोलाच बायरने घेतलं. म्हणजे शेतकऱ्याने माहिती दिली एकाला आणि ती गेली तिसऱ्याच्या घरात.

आई, तुझं व्हॉट्सॲपही तसंच. २०१४ मध्ये फेसबुकने ते घेतलं तेव्हा तिथे जेमतेम पन्नास-पंचावन्न माणसं कामाला होती आणि किंमत ठरली १९ अब्ज डॉलर. दोन्हीकडची खाती आम्हाला नीट जुळवता येत नाहीत असं फेसबुकने तेव्हा युरोपात सांगितलं होतं, ते दिशाभूल करणारं निघालं म्हणून २०१७ मध्ये ११ कोटी युरो दंड बसला. गुगलने फिटबिट, ते चालणं मोजणारं घड्याळ, घेतलं तेव्हा मात्र युरोपवाल्यांनी आधीच अट घातली की तिथल्या लोकांच्या तब्येतीचा डेटा दहा वर्षं जाहिरातींसाठी वापरायचा नाही. अशी अट घालता येते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्या पोरांवर माझा राग नाही, त्यांनी मनापासून काम केलं. पण तुम्हाला कोणी विचारलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. ॲपमध्ये औषधंच नाहीत फक्त, एकरी माल किती निघाला, साखर कधी भरली, काय भावाने दिला, सगळं आहे. कोणत्या शिवारात माल कधी तयार होतोय आणि कोणाला विकायची घाई आहे हे उद्या व्यापाऱ्याला आधीच कळलं तर बोलणी काय राहणार?

तर बाबा, नवीन अटींचा जो स्क्रीन येतोय त्यावर मी येईपर्यंत 'सहमत' दाबू नका. जुन्या नोंदी डाऊनलोड होत असतील तर मी उतरवून घेते. गटातल्या बाकीच्यांनाही सांगा, सगळ्यांनी मिळून कंपनीला लेखी विचारू की आमच्या नोंदी कोणाला देणार आणि कशासाठी.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतेय. आई, ॲप यायच्या आधी बाबा ज्या निळ्या वहीत फवारणी लिहायचे ती माळ्यावर असेल, तेवढी काढून ठेव.

तुमची,
ताई