डेकवर टब ठेवण्याआधी डेकखाली उतरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या डेकवर, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी उघड्या ओट्यावर, हॉट टब, म्हणजे गरम पाण्यात बसायचा मोठा टब, बसवण्याविषयीचा सचित्र लेख वाचला. टबचे आकार, आतली बैठक, दिव्यांचे रंग, पाण्याच्या झोतांची संख्या, सगळे त्यात होते. पाण्याने भरल्यावर टबचे वजन किती होते, एवढे मात्र कुठेच नव्हते. मी ३४ वर्षे इमारतींवरच्या भारांची गणिते केली आहेत, आणि गेले आठ महिने आमच्या घरात हाच विषय सुरू आहे. म्हणून हे पत्र.

विषय निघाला तो माझ्या यजमानांच्या गुडघ्यांमुळे. ते ७१ वर्षांचे आहेत आणि दोन्ही गुडघे झिजले आहेत. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावले भिंतीला धरून टाकावी लागतात. मध्यंतरी फिजिओथेरपीसाठी ते कोमट पाण्याच्या हौदात जात. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, आखडलेले स्नायू सैलावतात. पहिल्या दिवशी ते घरी परतले तेव्हा काठी टेकत नव्हते, नुसती हातात धरलेली होती. मुलीने ते पाहिले आणि त्याच संध्याकाळी टबची गोष्ट काढली.

हॉट टब म्हणजे हौसेची वस्तू, असे मलाही वाटत असे. पण घरच्या टबातले पाणी घुसळणारा पंप कँडिडो जकुझी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस बनवला तो स्वतःच्या मुलासाठी. मुलाला अगदी लहानपणीच संधिवात जडला होता, आणि इस्पितळात मिळणारा जलोपचार त्याला घरीही मिळावा म्हणून पंप बनवणाऱ्या घराण्यातल्या या बापाने तो खटाटोप केला. हे वाचले आणि माझा विरोध बराच मावळला.

मग विक्रेत्याचा माणूस घर पाहायला आला. डेकवर चार पावले चालला, टाच आपटून पाहिली आणि म्हणाला, "भक्कम आहे मॅडम. दहा-बारा माणसे उभी राहतात ना इथे? मग टबचे काय घेऊन बसलात!"

हे वाक्य ऐकून किती घरांनी टब डेकवर चढवला असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. हिशेब अवघड नाही, कोणालाही करता येतो. पाच जणांच्या टबात साधारण १५०० लिटर पाणी मावते. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा पाण्याचेच १५०० किलो झाले. रिकामा टब ३५० किलोंच्या आसपास. आत बसणारी पाच माणसे आणखी ३५०. एकूण २२०० किलो, आणि तेही २.१ मीटर लांब-रुंद जागेवर. म्हणजे दर चौरस मीटरला ५०० किलो. घरगुती मजल्यासाठी किंवा डेकसाठी नेहमी धरला जातो तो भार असतो चौरस मीटरला २०० किलोंच्या जवळपास. बारा माणसे उभी राहिली तरी त्यांचे वजन साडेआठशे किलोंच्या घरात, तेही पांगलेले, आणि तासाभरात ती घरी जातात. टब घरी जात नाही.

लाकडाच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. काँक्रीट किंवा पोलादापेक्षा लाकूड सततच्या ओझ्याला अधिक थकते. थोड्या वेळाच्या चाचणीत एखादी तुळई जितके वजन पेलते, त्याच्या साधारण ६० टक्केच वजन ती दहा वर्षे अखंड पेलू शकते. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या वन-उत्पादन प्रयोगशाळेत गेल्या शतकाच्या मध्यावर यावर पायाभूत काम झाले, आणि लाकडी बांधकामाच्या संहितांमध्ये भाराच्या कालावधीचा गुणक, म्हणजे भार किती काळ राहणार त्यानुसार लाकडाची ताकद कमी-जास्त धरणारा आकडा, आला तो त्यातूनच. टाच आपटून हे कळत नाही. डेक आज टिकला म्हणून पाच वर्षांनी टिकेल असे नाही.

दुसऱ्या दिवशी जुने कपडे घालून, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मी डेकखाली शिरले. डेक जमिनीपासून जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच, त्यामुळे पोटावर सरकत जावे लागले. सोळा वर्षे आम्ही त्या डेकवर बसलो-उठलो, नातवाने तिथे पहिली पावले टाकली, पण त्याच्या खाली काय आहे ते मी, या क्षेत्रातली असूनही, कधी पाहिले नव्हते. घराच्या भिंतीला लागून जी लांब फळी असते आणि जिच्यावर डेकची एक बाजू पेललेली असते, ती आमच्याकडे फक्त खिळ्यांनी ठोकलेली निघाली. एकही बोल्ट नाही. डेक कोसळण्याच्या घटनांमध्ये सर्वांत आधी दगा देतो तो बहुधा हाच जोड, कारण ओढ बसली की खिळा हळूहळू सुटून येतो. पावसाच्या पन्हाळीजवळचे एक आडवे लाकूड काळे पडले होते. स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबले तर बोटाच्या पेरभर आत गेले. वरून पाहिले तर हाच डेक स्वच्छ, पॉलिश केलेला.

बोल्ट आम्ही लगेच बसवून घेतले आणि ते लाकूड बदलले. टब येवो न येवो, ते करायलाच हवे होते.

टब घ्यायचाच का, हे ठरवायला मुलीने एक साधी युक्ती सुचवली. तीन महिने रोज रात्री वहीत लिहायचे: आज टब असता तर आपण खरेच बसलो असतो का, आणि कोण कोण? यजमानांनी ही नोंद एक दिवसही चुकवली नाही. ९० रात्रींपैकी ४५ रात्री 'हो' आले. नाही म्हणण्याची कारणे पाऊस, दमणूक, पाहुणे, किंवा नुसताच कंटाळा. पण मला जास्त उपयोगी पडली ती दुसरी नोंद. त्या ४५ पैकी ३७ रात्री फक्त आम्ही दोघेच होतो. पाच जणांचा टब आम्ही कधीतरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी घेणार होतो! वहीने तो विचार मोडला आणि आम्ही तीन जणांच्या, ९०० लिटरच्या टबावर आलो.

पाण्याची काळजी हा यातला दुसरा मोठा भाग, आणि याबद्दल लेखात एकच वाक्य होते, 'देखभाल सोपी आहे.' मी याच्याशी सहमत नाही. ३८ अंश सेल्सिअसचे पाणी आपल्याला सुखाचे, तसेच न्यूमोनिया घडवणाऱ्या लेजिओनेला या जिवाणूलाही. साधारण २५ ते ४५ अंशांत तो फोफावतो. गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपते, आणि झोत सुरू झाले की पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडून थेट श्वासात जातात. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल या गावी फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेला टब पाणी भरून चालू ठेवला होता. जवळपास दोनशे जण आजारी पडले, वीसहून अधिक दगावले. टबात उतरायची त्यांना गरजच पडली नव्हती, त्या हवेत श्वास घेणे पुरले. पन्नाशीपुढच्या माणसांना आणि फुप्फुसे कमजोर असणाऱ्यांना हा न्यूमोनिया अधिक घातक ठरतो. आमच्या घरात सत्तरीचा माणूस त्यात बसणार आहे.

म्हणून टब घेण्याआधी घरातल्या एका माणसाने जबाबदारी घ्यायला हवी, नाव घेऊन. आमच्याकडे ती मी घेतली. बसण्यापूर्वी दर वेळी तपासणीची पट्टी पाण्यात बुडवायची. क्लोरीन किमान ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तीन भाग, पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान. आकडा बसत नसेल तर त्या रात्री टब बंद, यजमानांचे गुडघे कितीही दुखत असले तरी. गाळणी नियमित धुवायची, दर तीन महिन्यांनी पाणी पूर्ण काढून टब आणि नळ्या साफ करायच्या. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी टब घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेचा अंदाजही आधीच करता येतो. ९०० लिटर पाणी १५ अंशांवरून ३८ अंशांवर न्यायला सुमारे २४ युनिट लागतात, २ किलोवॅटच्या हीटरला बारा तास. हा खर्च पाणी बदलल्यावरच. रोजची उष्णता जाते ती मुख्यतः वाफेवाटे. नुसते दोन लिटर पाणी वाफ होऊन उडाले तरी उरलेले सगळे पाणी सव्वा अंशाने गार होऊ शकते. तेव्हा टबच्या रंगापेक्षा झाकणाची जाडी पाहावी. झाकणाला कुलूप हवेच, कारण घरात लहान मूल येते-जाते. पाच वर्षांखालच्या मुलांना अशा पाण्यात उतरवायचे नसते, आणि नातू चार वर्षांचा आहे. त्याने दोन वेळा रडून पाहिले, आम्ही ऐकले नाही. पाणी खेचणाऱ्या तोंडावरची जाळीही नीट तपासून घ्यावी. २००२ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात टबच्या तळाशी त्या ओढीत अडकून गेली. तिच्या आईने पुढे लढा दिला आणि २००७ मध्ये सुरक्षित जाळ्यांचा कायदा तिच्याच नावाने झाला. वीजजोडणी परवानाधारक वायरमनकडूनच, स्वतंत्र सर्किटवर आणि गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या आरसीसीबीसह करावी.

यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, दाब उतरतो, आणि झटकन उठले की भोवळ येते. डॉक्टरांनी ३८ अंश आणि १५ मिनिटे अशी मर्यादा घालून दिली आहे. निरोगी माणसासाठीही ४० अंश ही वरची हद्द मानली जाते.

आता आमचा निर्णय सांगते. टब घेत आहोत, पण डेकवर ठेवत नाही. डेकला लागून जमिनीवर काँक्रीटचा पट्टा ओतला आहे, टब त्यावर बसेल. टबची उंची ९० सेंटिमीटर, डेकची ४५. म्हणजे डेकवर उभे राहिल्यावर टबचा काठ गुडघ्याएवढा येतो. काठावर बसायचे, कठडा धरायचा, एकेक पाय आत घ्यायचा. यजमानांनी लाकडी खोक्यावर बसून याचा सराव केला, जमते. पंपाकडची बाजू मोकळी सोडली आहे, नाहीतर दुरुस्तीच्या वेळी डेकच उखडावा लागला असता.

आपल्याला विनंती एवढीच, की यापुढे असा लेख छापाल तेव्हा भरलेल्या टबचे वजन त्यात जरूर द्यावे, आणि डेकच्या वरच्या छायाचित्राबरोबर एक खालचेही छापावे. हवे असेल तर आमच्या त्या काळ्या पडलेल्या लाकडाचे छायाचित्र मी पाठवते, तो तुकडा अजून ठेवला आहे.

काँक्रीट ओतून आज १९ दिवस झाले. ते पूर्ण घट्ट व्हायला २८ दिवस द्यायचे असतात. यजमान रोज सकाळी तिथे जाऊन उभे राहतात आणि आत येऊन किती दिवस उरले ते सांगतात. आज म्हणाले, नऊ.

आपली,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता