हँडब्रेक नीट करून देणाऱ्या त्या काकांना आणि मुलाला थँक्यू

परवा रविवारी वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या गल्लीत माझ्या गाडीपाशी येऊन आपणहून हात काळे करणारे काका आणि त्यांच्यासोबतचा मुलगा, तुमची नावं विचारायचंच राहिलं हो, म्हणून इथेच लिहितोय.

झालं असं की मागचे ब्रेक पॅड मी घरीच बदलले, पायाचा ब्रेक एकदम मस्त, पण हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी फतेहगंज ब्रिजच्या चढावर गाडी आपली हळूहळू मागे. मी शहाणा, केबलच आवळत बसलो होतो. काका म्हणाले, "अरे थांब, केबल आधी सैल कर." आमच्या गाडीत हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आहे, त्यात पॅडला ढकलणारा पिस्टन नुसता दाबायचा नसतो, फिरवत आत घालायचा असतो, तो मी फिरवलेला होता (तेवढी अक्कल होती), पण एका बाजूला त्याची खाच पॅडमागच्या खुंटीवर बसलीच नव्हती! ते नीट बसवलं, मग पेडल २०-२५ वेळा दाबायला लावलं, पॅड डिस्कला टेकले, कॅलिपरवरची लिव्हर दोन्हीकडे पूर्ण मागे येतेय ना ते बघितलं आणि सगळ्यात शेवटी केबल. आता सहाव्या क्लिकला गाडी जागची हलत नाही आणि सोडल्यावर चाकं मोकळी फिरतात.

पैसे घेतले नाहीत, सेव उसळ खाऊया म्हटलं तर तेही नाही. काका, तुमचा एक पाना माझ्याकडेच राहिलाय, पुढच्या रविवारी तिथेच घेऊन उभा राहतो.