व्हिएन्ना ते व्हेनिस: पाच प्रवासदिवसांचा बेत

प्रिय मृणाल,

तुझी सात देशांची आणि बारा शहरांची यादी मिळाली. तिला कात्री लावायला हवी, आणि का ते नीट समजावून लिहिते, म्हणजे तुला पटेल.

रेल्वेने युरोप फिरताना पैसा आणि मनःस्ताप दोन्ही वाढतात ते सक्तीच्या आरक्षणापायी. युरेल पास, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या गाड्यांना चालणारं एकच तिकीट, हातात असला तरी फ्रान्सची टीजीव्ही, स्पेनची एव्हीई, इटलीची फ्रेच्यारोसा आणि लंडनकडे जाणारी युरोस्टार यांना सीटचे वेगळे पैसे भरावे लागतात. टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये तर पासवाल्यांसाठी मोजक्याच जागा असतात. त्या संपल्या की डब्यात सीट रिकामी असली तरी आपल्याला मिळत नाही. ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र बहुतेक गाड्यांत पास दाखवायचा आणि बसायचं. म्हणून मी मार्ग असा आखलाय: ऑस्ट्रियात व्हिएन्ना, साल्झबुर्ग, इन्सब्रुक; मग स्वित्झर्लंडमधलं कूर, तिथून इटलीच्या सीमेवरच्या टिरानोमार्गे मिलान आणि शेवटी व्हेनिस. यात एकही सक्तीचं आरक्षण लागत नाही.

हे पाच प्रवासदिवस झाले. 'एका महिन्यात कुठलेही ५ दिवस' हा ग्लोबल पास आपल्याला बरोबर पुरतो. प्रवासदिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र; त्या दिवसात कितीही गाड्या बदलल्या तरी एकच दिवस खर्ची पडतो. पास सुरू होताना वय २७ किंवा त्याहून कमी असेल तर तरुणांची सवलत मिळते. इंटररेल नावाचा पास युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे, तो चुकूनही घेऊ नकोस. दोघींचे पास वेगवेगळे, आणि नाव पासपोर्टावर आहे अक्षरशः तसंच. तपासनीस पासपोर्ट मागतो.

तू विचारशील, सुटी तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडणार नाहीत का? ऑस्ट्रियातली बहुधा पडतील. पण स्वस्त तिकीट त्याच तारखेच्या त्याच गाडीला बांधलेलं असतं, आणि आपल्याला मोकळीक हवी आहे ती बेर्निनाच्या, म्हणजे कूरहून टिरानोला खिंडीतून जाणाऱ्या डोंगरी रेल्वेच्या दिवसासाठी. त्या खिंडीत ढग उतरले की खिडकीतून पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. कूरला तीन रात्री ठेवू आणि आकाश बघून निघू.

बेर्निनाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळा बेत तिच्याभोवतीच उभा आहे. कूरहून आधी आल्बुला मार्गाने वर जायचं. त्यावर लांडवासरचा पूल लागतो, ६५ मीटर उंच, आणि वळणदार पूल संपतो तो थेट कड्यातल्या बोगद्याच्या तोंडाशी. सेंट मॉरिट्झला गाडी बदलायची. पुढे ओस्पित्सिओ बेर्निना हे २२५३ मीटरवरचं स्टेशन, आणि तिथून उतरत उतरत टिरानो ४२९ मीटरवर. आपल्या बोरघाटात चढ ३७ ला १ आहे आणि त्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. इथे चढ शेकडा ७, म्हणजे साधारण १४ ला १, आणि तरी रुळांमध्ये दातेरी पट्टी नाही. गाडी नुसत्या चाकांच्या पकडीवर चढते. ब्रुसिओला उंची कमी करायला रूळ उघड्यावरच गोल फिरवून स्वतःच्याच पुलाखालून काढले आहेत. आल्बुला आणि बेर्निना हे दोन्ही मार्ग २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

बेर्निना एक्सप्रेस नावाची काचेच्या छताची गाडी आहे. ती घ्यायची नाही. तिला आरक्षण सक्तीचं, वर भक्कम पैसे, आणि काचा उघडत नसल्यामुळे फोटोत आपलंच प्रतिबिंब येतं. त्याच रुळांवरून साध्या प्रादेशिक गाड्या धावतात, त्यांत पास पुरतो, जुन्या डब्यांच्या खिडक्या खाली करता येतात आणि आल्प ग्र्यूमला उतरून पालू हिमनदी बघून पुढची गाडी पकडता येते. टिरानोला दोन स्टेशनं एकमेकांशेजारी आहेत, स्विस आणि इटालियन. चौकातून दोन मिनिटांत पलीकडे गेलं की मिलानची गाडी, अडीच तासांची.

इन्सब्रुकहून येणारी रेलजेट ही वेगवान गाडी बुक्स स्टेशनात दिशा बदलते, तेव्हा पुढे तोंड करून बसलेली माणसं उलटी होतात. गाडी चुकली असं समजून घाबरू नकोस. आपण पुढे झारगान्सला उतरून कूरची गाडी घेऊ. मिलान ते व्हेनिस वेरोनाला बदलून 'रेजिओनाले', म्हणजे साध्या प्रादेशिक गाड्यांनी जाऊ. वेळ जास्त लागतो, पण आरक्षण नको.

पास फोनवरच असतो, रेल प्लॅनर ॲपमध्ये. चढण्याआधी नेमकी गाडी निवडून त्या दिवसाला जोडायची, मग क्यूआर कोड तयार होतो. गाडी न जोडता बसलं तर विनातिकीट धरून दंड होतो. पण आदल्या रात्रीपासून जोडूनही ठेवायची नाही. सकाळी हवा बघून मगच. फोन बंद पडला तर पास बंद, म्हणून दोघींकडे पॉवर बँक हवी. सिमकार्ड घेताना स्वित्झर्लंड चालतं का हे विचार. तो देश युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे बरीच कार्डं सीमेवर गप्प होतात.

तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो; तो ऑस्ट्रियाचा काढायचा, कारण जास्त रात्री तिथे आहेत. फी ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. भेटीची वेळ मे-जूनच्या सुमाराला मिळणं अवघड जातं, तेव्हा लवकर. हॉस्टेलं रद्द करता येतील अशीच घेऊ, आणि व्हिसा हातात पडल्याशिवाय पास घ्यायचा नाही.

पाठीवरची पिशवी ४० लिटरची, भरून ८ किलोच्या आत. जुन्या स्टेशनांत जिने आहेत आणि डब्यात सामान डोक्यावरच्या फळीवर स्वतःच चढवायचं असतं. कपड्यांचे चार जोड, एक पावसाचं जाकीट, एक उबदार थर. हॉस्टेलच्या कपाटाला कुलूप आपलंच लागतं, ते विसरू नकोस. आपल्याकडचा जाड तीन पिनांचा प्लग कुठेच बसत नाही. स्वित्झर्लंडचं सॉकेट खोलगट आणि अरुंद असतं, त्यात बारीक दोन पिनांचा चार्जरच जातो.

खाण्याचं: पेढे, बर्फी, तूप काही घ्यायचं नाही. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये आणायला प्रवाशांना बंदी आहे. हापूसही नाही, फळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. तेलातले मेथीचे ठेपले, चिवडा, दाण्याची चटणी खुशाल घे. रविवारी ऑस्ट्रियात किराणा दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांतली उघडी, म्हणून शनिवारीच ब्रेड आणि फळं आणून ठेवू. पाणी नळाचंच प्यायचं. व्हिएन्नाला ते आल्प्समधल्या झऱ्यांचं येतं.

एटीएमने 'रुपयांत आकारू का' असं विचारलं की नाही म्हणायचं, युरोच निवडायचे. रुपयांचा दर ते मशीन स्वतःच्या सोयीने लावतं. इटलीत हॉस्टेलवर शहरकर वेगळा भरावा लागतो, तेवढी रोकड जवळ असू दे. मिलान स्टेशनवर तिकिटाच्या मशीनपाशी मदत करायला येणाऱ्या अनोळखी माणसाला हसून नको म्हणायचं. गाडीचे दार बंद होण्याच्या क्षणी पिशवीवर हात हवा, कारण चोर नेमका तेव्हाच उडी मारून उतरतो.

आणि दोघींपुरतं एक आत्ताच ठरवून टाकू. गाडी सुटण्याच्या वेळेआधीच दारं बंद होतात, त्यामुळे एक आत आणि एक फलाटावर असं होऊ शकतं. झालं तर आतलीने पुढच्या थांब्यावर उतरून तिथेच, त्याच फलाटावर थांबायचं. बाहेरचीने पुढच्या गाडीने यायचं. परत मागे कुणी फिरायचं नाही, नाहीतर दोघी एकमेकींना ओलांडून जाऊ. म्हणून पासपोर्ट, फोन, थोडे युरो ज्याचे त्याच्या अंगावर, एकीच्या पिशवीत सगळं नाही. शिवाय तुला संग्रहालयात चार तास लागतात आणि मला डोंगर दिसला की बसवत नाही, तेव्हा प्रत्येक शहरात एक दुपार वेगळी वेगळी घालवू आणि रात्री जेवायला भेटू.

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात बरा वाटतो: ऑगस्टची गर्दी ओसरलेली, खिंडीत अजून बर्फ नाही, उजेड साडेसातपर्यंत. तुझी रजा तेव्हा बसते का आणि तुझ्या पासपोर्टची मुदत कधी संपते, दोन्ही लगेच कळव. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत आणि दोन कोरी पानं लागतात. कमी असतील तर नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात टाक.

तुझीच,
अनू