काटोलला खोली घेतली

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा नुसतं "बघू" म्हणाले असते अन् तू रडली असतीस, म्हणून लिहून राहिली. गावच्या पाण्याच्या कामासाठी काटोलला खोली घेतली, ॲडव्हान्सही दिला. रविवारी घरीच असेन. मावशीच्या वेळचं पुन्हा काढू नका; घरमालकीण खालीच राहते, डबाही तिचाच.

बाबा, रोज जा-ये का जमत नाही ते ऐका. गावात नळ सकाळी सहाला येतो. नागपूरहून पोचेपर्यंत खेळ संपलेला. जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर धरले आहेत, पण वरच्या गल्लीत नळाला लावलेले टिल्लू पंप सुरू झाले की शेवटच्या घरी पाण्याचा गुंडही भरत नाही. शिवाय पंपाच्या ओढीने ढिल्या जोडातून नालीचं पाणी लाइनमध्ये शिरतं. म्हणून क्लोरीन टाकीजवळ तपासून भागत नाही. शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकून पिवळा रंग लगेच बघायचा, क्लोरीन 0.2 पीपीएमच्या (लिटरला 0.2 मिलीग्रॅम) खाली नको. 50,000 लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची आणि अर्ध्या तासाने पाणी सोडायचं. पोतं उघडं राहिलं तर पावडरचा दम जातो, मग माप बरोबर असूनही रंग येत नाही.

हे सगळं शेवटच्या घरच्या बाईला आधी कळतं. पाणी समितीत निम्म्या बाया हव्यात असा नियम आहे, कागदावर त्या असतातही. पण सभा अकराला, तेव्हा त्या निंदणाला नाहीतर कापूस वेचायला. मग रजिस्टरच सहीला घरी जातं! त्यांना सवड रात्री आठनंतर. बैठक उरकून त्या वेळी मी एकटी नागपूरला निघणं तुम्हालाच चाललं नसतं.

आई, ताप आला की मला अजून तुझाच हात लागतो कपाळावर. येईन तेव्हा वरणफळं कर.

कूलरच्या ताट्या बदलल्या आहेत. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, अन् आठवड्यातून एकदा टाकी घासून पूर्ण कोरडी करायची, डासांची अंडी कडेला चिकटून राहतात. बीपीच्या गोळ्या संपायच्या चार दिवस आधी सांगा. गच्चीवरची टंकी धुवायला माणूस सांगितला आहे. बाबा, तुम्ही शिडीला हात लावायचा नाही. आणि हे वाचून आपल्या टंकीत टीसीएल टाकू नका, कॉर्पोरेशनच्या पाण्यात क्लोरीन असतंच.

तुमची,
छकुली